अजून लवकर आहे! बेसबॉल हंगामाच्या पहिल्या आठवड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोच्या उपनगरात राहून कब्स या इथल्या बेसबॉल संघाची बाजू घ्यायला लागल्याला आता मला बरीच वर्षं झाली. मार्चअखेर हंगाम सुरू होतो, त्याच सुमारास पाडवा येतो, आणि मंडळाच्या जेवणात श्रीखंडाच्या वाटीशेजारी फोन ठेवून हळूच स्कोअर बघणारी पाच-सहा माणसं दरवर्षी असतातच. त्यांना बाकीचे जे प्रश्न विचारतात, ते मी इथे गोळा केले आहेत. काही प्रश्न माझ्या सासऱ्यांचे आहेत. ते सांगलीहून एका एप्रिलमध्ये आले, बाहेर थंडी म्हणून घरात बसून माझ्याबरोबर रोज बेसबॉल बघितलं, आणि जन्मभर क्रिकेट बघितलेल्या माणसाचे प्रश्न फार टोकदार असतात हे मला तेव्हा कळलं.

आमचा संघ पहिले चारही सामने हरला. संपला का हंगाम?

२०२५ चे मिलवॉकी ब्रूअर्स आठवा. पहिलीच मालिका न्यूयॉर्कला यांकीजच्या मैदानावर. २९ मार्चला, म्हणजे त्या वर्षीच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी, ब्रूअर्सच्या नेस्टर कोर्टेसने टाकलेल्या पहिल्या तीन चेंडूंवर तीन होम रन (चेंडू थेट कुंपणाबाहेर, आपल्या षटकारासारखा) गेले: पॉल गोल्डश्मिट, कोडी बेलिंजर, ॲरन जज. तीन चेंडू, तीन होम रन! यांकीजनी त्या दिवशी नऊ होम रन मारले आणि सामना २०-९ असा जिंकला. संध्याकाळपर्यंत सगळीकडे एकच विषय होता, 'टॉर्पेडो बॅट'. चेंडू जिथे जास्त वेळा लागतो तिथे लाकूड जाड ठेवलेली ही बॅट ॲरन लीनहार्ट नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवली होती. बॅट नियमात बसते का, बंदी घालावी का, बेसबॉल बुडालं का, यावर आठवडाभर वाद चालले. गंमत म्हणजे जज स्वतः ती बॅट वापरतच नव्हता.

ब्रूअर्स तिन्ही सामने हरले. घरी येऊन चौथा कॅन्सस सिटीकडून ११-१ असा हरले. चार सामन्यांत ४७ धावा दिल्या, १५ काढल्या.

आणि सप्टेंबरअखेर तीसही संघांत सर्वांत जास्त विजय कोणाचे? ब्रूअर्सचे. ९७ विजय, ६५ पराभव. यांकीज ९४ वर थांबले.

सासऱ्यांना मी हे आयपीएलच्या मापात सांगितलं होतं. आयपीएलच्या साखळीत एक संघ १४ सामने खेळतो, बेसबॉलमध्ये १६२. त्या हिशेबाने बेसबॉलचे चार सामने म्हणजे आयपीएलच्या एका सामन्यातली जेमतेम चौदा षटकं. पहिल्या सामन्याच्या चौदाव्या षटकाला "यंदा काही खरं नाही" म्हणून टीव्ही बंद करणारा माणूस तुम्हाला माहीत असेल. असतोच एक प्रत्येक घरात.

पण १६२ सामने कशाला? रोज उठून सामना?

हो, जवळजवळ रोज. साधारण सव्वीस आठवडे, आठवड्याला सहा सामने, कधी सात. सासऱ्यांचा पहिल्या आठवड्यातला शेरा होता, "अगं, ही मॅच आहे की दूरदर्शनच्या बातम्या? रोज ठरल्या वेळी आपली सुरू." त्यांनी विनोद म्हणून सांगितलं, पण बेसबॉल समजायला मला त्यातूनच मदत झाली. सण म्हणून नाही, दिनक्रम म्हणून हा खेळ बघायचा. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना रेडिओवर, इस्त्री करताना.

या खेळातला एक जुना ठोकताळा असा: कुठलाही संघ ५४ सामने जिंकणारच, ५४ हरणारच, उरलेल्या ५४ चं काय करतो ते बघायचं. तो ठोकताळा मोडणारे संघ क्वचित निघतात. २००१ चे सिॲटल मरिनर्स फक्त ४६ हरले आणि ११६ जिंकले. उलट्या दिशेने मोडणारे आमच्याच गावचे, त्यांच्याकडे शेवटी येते.

"अजून लवकर आहे" असं सगळे म्हणतात. पण नेमकं कधीपर्यंत लवकर?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि सगळ्यात जास्त भांडणंही यावरच होतात. बेसबॉलच्या चाहत्यांचं एप्रिलमधलं बोधवाक्यच हे. संघ हरला की "अजून लवकर आहे", शेजाऱ्याचा संघ जिंकला की तेही "अजून लवकर आहे". फक्त आपला संघ जिंकत असला की कोणी म्हणत नाही.

रूढ उत्तरं दोन. पहिलं, चाळीस सामने होऊ द्या, म्हणजे हंगामाचा एक चतुर्थांश. दुसरं, मेमोरियल डे येऊ द्या, म्हणजे मे महिन्याचा शेवटचा सोमवार. तेव्हा साधारण पन्नासेक सामने झालेले असतात.

दोन्ही उत्तरांना २०१९ च्या वॉशिंग्टन नॅशनल्सनी सुरुंग लावला. पन्नास सामन्यांनंतर त्यांचा हिशेब होता १९ विजय, ३१ पराभव. मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, डेव्ह मार्टिनेझला काढा म्हणून ओरड सुरू होती. काढलं नाही. ऑक्टोबरअखेर त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली, तीही ह्यूस्टनविरुद्ध सात सामन्यांत, आणि त्या सातही सामन्यांत पाहुणा संघच जिंकला. त्याहून जुनं उदाहरण १९१४ च्या बॉस्टन ब्रेव्ह्जचं. चार जुलैला गुणतक्त्यात तळाशी आणि शेवटी विजेते.

पण इथे मला जरा मिठाचा खडा टाकायचा आहे. नॅशनल्सची गोष्ट सांगणारे लोक पुढचा हिशेब करत नाहीत. ९३ विजयांपर्यंत पोचायला त्यांना उरलेल्या ११२ सामन्यांत ७४ जिंकावे लागले. तो वेग पूर्ण हंगामभर ठेवला तर १०७ विजय होतात, म्हणजे सुरुवात बिघडल्यावर पुढचे चार महिने त्यांना लीगमधल्या सर्वोत्तम संघासारखं खेळावं लागलं. एप्रिलमधला पराभव सप्टेंबरमधल्या पराभवाएवढाच मोजतात, काडीचाही कमी नाही. "अजून लवकर आहे" याचा अर्थ "संघ कसा आहे ते अजून कळलेलं नाही" एवढाच. "पराभव मोजायचे नाहीत" असा तो होत नाही. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की चहा गार होईपर्यंत वाद चालतो.

माझं स्वतःचं उत्तर? संघ हरतोय पण पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, ठीक टाकतायत, तर मेअखेरपर्यंत लवकर. संघ हरतोय आणि दोन मुख्य पिचर खांदा-कोपर धरून बसलेत, तर दहा एप्रिललाच उशीर झालेला असू शकतो.

आमचा संघ सलग जिंकतोय. ऑक्टोबरच्या प्लेऑफची तिकिटं काढून ठेवू?

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! आधुनिक काळात सुरुवातीचे १३ च्या १३ सामने जिंकणारे तीन संघ झाले. १९८२ चे अटलांटा ब्रेव्ह्ज, १९८७ चे मिलवॉकी ब्रूअर्स, २०२३ चे टॅम्पा बे रेज.

ब्रेव्ह्ज शेवटी ८९ सामने जिंकून आपला गट कसाबसा जिंकले आणि पुढच्याच फेरीत सेंट लुइसकडून ३-० असे हरले. ब्रूअर्स २०-३ (२० विजय, ३ पराभव) पर्यंत गेले आणि मे महिन्यात सलग १२ हरले. शेवटी गटात तिसरे, प्लेऑफच नाही. रेजनी ९९ जिंकले तरी बाल्टिमोरने त्यांना गटात मागे टाकलं, आणि वाइल्ड कार्डच्या, म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या, फेरीत टेक्सासने दोन सामन्यांत घरी पाठवलं. तिघांपैकी एकही संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला नाही.

उलट बाजूला १९८४ चे डेट्रॉइट टायगर्स आहेत: पहिल्या ४० पैकी ३५ जिंकले, पुढे १०४ विजय आणि वर्ल्ड सिरीज. आणि आमचे २०१६ चे कब्स, सुरुवात २५-६, शेवट १०३ विजय आणि १०८ वर्षांनी विजेतेपद. तेव्हा सुरुवातीला जिंकणारे शेवटी हरतातच असंही नाही. मी २०१६ च्या एप्रिलमध्ये तोंडातून एक शब्द काढला नव्हता. दृष्ट लागते. हसू नका, कब्सच्या चाहत्यांनी १०८ वर्षं त्याहून विचित्र गोष्टींवर विश्वास ठेवला होता.

अमुक बॅटरची सरासरी ०.४०० आहे! हा नवा टेड विल्यम्स का?

टेड विल्यम्सने १९४१ मध्ये ०.४०६ केलं. त्यानंतर मेजर लीगच्या, म्हणजे या सगळ्यात वरच्या लीगच्या, पूर्ण हंगामात चारशे कोणी गाठलेलं नाही, आणि तरी दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाच-सात जण चारशेच्या वर असतात.

कारण साधा भागाकार आहे. क्रिकेटमधली सरासरी म्हणजे धावा भागिले बाद होणं. इथली म्हणजे यशस्वी फटके (ज्यांवर बॅटर सुखरूप पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, तरी पोचतो) भागिले संधी. पहिल्या आठवड्यात २० संधींत ८ फटके, सरासरी ०.४००. दुसऱ्या दिवशी चारही वेळा बाद झाला की २४ मध्ये ८, सरासरी ०.३३३. एका दिवसात राजाचा प्रजाजन झाला. तोच बॅटर ऑगस्टमध्ये ४०० संधींत १२० फटक्यांवर असेल आणि चारही वेळा बाद झाला, तर ०.३०० वरून ०.२९७ होईल. कोणाचं लक्षही जाणार नाही.

माझ्या आवडीचं उदाहरण टफी ऱ्होड्सचं, कारण ते कब्सच्या घरच्या मैदानावर, रिगली फील्डवर घडलं. ४ एप्रिल १९९४, कब्सचा पहिला सामना, समोर मेट्सचा ड्वाइट गुडन. ऱ्होड्सने त्याला तीन होम रन मारले. हंगामाच्या पहिल्याच दिवशी तीन! (सामना कब्स हरले, अर्थात.) पूर्ण हंगामात त्याचे झाले आठ. अमेरिकेत तो टिकला नाही, जपानला गेला, आणि तिथे २००१ मध्ये एका हंगामात ५५ होम रन मारून सादाहारू ओहच्या विक्रमाशी बरोबरी केली. म्हणजे त्या दिवशी शिकागोत लोकांना जे दिसलं ते पूर्ण खोटंही नव्हतं.

२००६ चा क्रिस शेल्टन मात्र शुद्ध एप्रिल. डेट्रॉइटसाठी पहिल्या महिन्यात १० होम रन, पूर्ण हंगामात १६, आणि जुलैअखेर त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं होतं.

उलटंही होतं. २००४ च्या एप्रिलमध्ये यांकीजचा डेरेक जीटर सलग ३२ संधींत एकही फटका मारू शकला नाही. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या कारकिर्दीची श्राद्धं घालून झाली. शेवटी सरासरी ०.२९२, म्हणजे चांगलीच.

मग एप्रिलमधले कुठलेच आकडे खरे मानायचे नाहीत का?

मानायचे, पण निवडून. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि ती बरोबरही असते, कारण भात शिजत आलेला असतो. एप्रिलमध्ये कुकरला अजून वाफही धरलेली नसते. पण पाणी किती घातलंय ते तेव्हाही बघता येतं.

हे पाणी म्हणजे काय, यावर आकडेतज्ज्ञ रसेल कार्लटन यांनी बरंच काम केलंय. कोणता आकडा किती संधींनंतर त्या खेळाडूबद्दल काहीतरी सांगू लागतो, हा त्यांचा प्रश्न. बॅटर किती वेळा स्ट्राइकआउट होतो, म्हणजे तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले योग्य चेंडू) होऊन बाद होतो, हे सुमारे ६० वेळा फलंदाजीला आल्यावर बऱ्यापैकी कळतं. रोज खेळणारा बॅटर सामन्यात चारेक वेळा येतो, म्हणजे पंधरा सामने पुरे. चार वाइड चेंडूंवर फुकट बेस मिळवण्याची सवय कळायला दुप्पट लागतात, साधारण १२०. होम रनचं प्रमाण कळायला १७० च्या आसपास. आणि सरासरी, जी सगळे आधी बघतात? तिला सुमारे ९१० संधी. एका हंगामात बॅटरला साधारण सहाशे मिळतात. म्हणजे ज्या आकड्यावर एप्रिलमध्ये सर्वांत जास्त भांडणं होतात तो आकडा वर्षभरातही नीट स्थिरावत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस कोणाशी बेसबॉलवर बोलावंसं वाटलं नव्हतं. नंतर बोललेच.

पिचरबाबत मी फक्त वेग बघते. रडार खोटं बोलत नाही. थंडीत सगळ्यांचाच वेग थोडा कमी असतो, जुलैत वाढतो, तेवढं धरून चालायचं. पण मागच्या एप्रिलमध्ये ताशी ९६ मैलांनी टाकणारा या एप्रिलमध्ये ९३ वर आला असेल, तर त्याने सहा इनिंगमध्ये (सामन्यात नऊ असतात) धावा दिल्या नाहीत याचा मला आनंद होत नाही. पोटात गोळा येतो.

पिचरचा ईआरए ५४.०० कसा असू शकतो? छपाईची चूक आहे का?

चूक नाही. ईआरए म्हणजे पिचरने दिलेल्या धावा (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या सोडून) नऊ इनिंगच्या मापात मांडणं. पहिल्याच दिवशी एका इनिंगमध्ये सहा दिल्या, तर सहा गुणिले नऊ, चोपन्न. आणि एकालाही बाद न करता धावा दिल्या तर भागायला खाली शून्य, म्हणून ईआरए अनंत! पुढच्या वेळी तो खेळेपर्यंत काही ठिकाणी त्याच्या नावापुढे खरोखर अनंताची खूण छापतात. सासऱ्यांना हा प्रकार इतका आवडला की तुकोबांचा अभंग म्हणून दाखवला होता. कुठला ते आता आठवत नाही.

गुणतक्त्यात "दीड सामना मागे" लिहिलंय. दीड सामना कसा खेळतात?

अर्धा सामना कोणी खेळत नाही. दोन संघांचे सामने सारखे झालेले नसले की अर्धा येतो, आणि एप्रिलमध्ये पाऊस-बर्फामुळे ते सारखे नसतातच. वरचा संघ १०-४, खालचा ८-५. विजयांत फरक दोनचा, पराभवांत एकचा. बेरीज तीन, भागिले दोन, दीड.

एवढ्या थंडीत खेळतात तरी कशाला?

१६२ सामने आणि प्लेऑफ ऑक्टोबरात संपवायचे तर मार्चअखेर सुरुवात करावीच लागते. २००७ मध्ये क्लीव्हलंडच्या घरच्या पहिल्या मालिकेवर एवढा बर्फ पडला की सिॲटलविरुद्धची ती पूर्ण मालिकाच पुढे ढकलावी लागली. त्यात एक सामना थांबला तेव्हा क्लीव्हलंडच्या पॉल बर्डने एकही फटका दिला नव्हता आणि पाच इनिंग पूर्ण होऊन सामना अधिकृत ठरायला फक्त एक स्ट्राइक हवा होता. पुढची मालिका उचलून मिलवॉकीच्या छताच्या मैदानात नेली.

खेळावर थंडीचा परिणाम खराखुरा होतो. गार हवा दाट असते, चेंडूला जास्त अडवते. तापमान १० अंश फॅरेनहाइटने घसरलं की लांब फटका साधारण तीन-चार फुटांनी तोकडा पडतो. जुलैतला होम रन एप्रिलमध्ये कुंपणापाशी झेल होतो. त्यात रिगली फील्ड लेक मिशिगनच्या जवळ. वसंतात तळ्यावरून वारा आत येतो आणि उंच गेलेले फटके परत मैदानात आणून टाकतो. वारा फिरला की मग विचारू नका. १७ एप्रिल १९७६ ला कब्स १३-२ ने पुढे होते, फिलाडेल्फियाच्या माइक श्मिटने चार होम रन मारले आणि सामना १८-१६ असा गेला. १७ मे १९७९ ला त्याच मैदानावर, त्याच दोन संघांत २३-२२. दोन्ही वेळा कब्सच हरले, सांगायला नकोच.

मात्र १८ एप्रिल २०२५ ला एरिझोनाने आठव्या इनिंगमध्ये दहा धावा करून आमची ७-१ ची आघाडी मातीत घातली, आणि त्याच इनिंगमध्ये कब्सनी सहा काढून सामना १३-११ ने जिंकला. एका इनिंगमध्ये दोन्ही मिळून सोळा!

पहिल्यांदा एप्रिलमध्ये रिगलीला येत असाल तर घरून निघताना पुरेसं वाटेल त्यावर अजून एक स्वेटर चढवा. शेंगदाणे टरफलासकट मिळतात, ते खिशात ठेवले की हात गरम राहतात असं सासऱ्यांचं म्हणणं. राहत नाहीत.

भारतातून बघायचं तर कोणत्या वेळी?

अमेरिकेतली घड्याळं मार्चमध्ये एक तास पुढे सरकलेली असतात, त्यामुळे न्यूयॉर्क आणि आपल्यात साडेनऊ तासांचा फरक. न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७:०५ चा सामना आपल्याकडे पहाटे ४:३५ ला. दुपारी १:०५ चा रात्री १०:३५ ला. रिगलीवर दुपारी १:२० ला सुरू होणारा आपल्याकडे रात्री ११:५० ला. कॅलिफोर्नियातला संध्याकाळी ७:१० चा म्हणजे सकाळी ७:४०, चहा-पोह्यांची वेळ. पुण्याचे माझे काका म्हणूनच लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचे चाहते झाले, दुसरं काही कारण नाही.

२०२३ पासून पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावलंय, बेस रिकामे असतील तर १५ सेकंद. त्याआधीच्या वर्षी सरासरी तीन तास चार मिनिटं चालणारा सामना त्या वर्षी दोन तास चाळीस मिनिटांवर आला. पहाटेचा सामना आता ऑफिसच्या आधी संपतो.

आज सगळ्यांच्या पाठीवर ४२ कसा?

तारीख बघा, १५ एप्रिल असणार. १९४७ मध्ये त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि मेजर लीगमधली कृष्णवर्णीयांवरची अनेक दशकांची बंदी मोडली. त्याचा क्रमांक १९९७ मध्ये सर्व संघांनी निवृत्त केला. वर्षातून या एका दिवशी सगळे तोच घालतात. टीव्हीवर कोण कोण ते ओळखता येत नाही, आणि ते तसंच असावं.

गप्पांत काय बोलू नये?

पिचरने पाच-सहा इनिंग एकही फटका दिलेला नसेल तर "नो-हिटर" हा शब्द उच्चारू नये. डगआउटमध्येसुद्धा त्याच्याशेजारी कोणी बसत नाही.

आणि हे कोडं पाडव्याच्या पंगतीत विचारून बघा: असा कोणता सामना, ज्यात पूर्ण संघ खेळला पण एकाही बॅटरची सरासरी बदलली नाही? १६ एप्रिल १९४०, शिकागोचं कॉमिस्की पार्क. हंगामाचा पहिलाच दिवस, क्लीव्हलंडच्या बॉब फेलरने शिकागोच्याच दुसऱ्या संघाविरुद्ध, व्हाइट सॉक्सविरुद्ध, नो-हिटर टाकला, १-०. सामन्याआधी व्हाइट सॉक्सच्या सगळ्यांची सरासरी शून्य, सामन्यानंतरही शून्य.

मॅनेजरला काढलं तर फरक पडेल का?

१९८८ च्या बाल्टिमोर ओरिओल्सनी फक्त सहा सामन्यांनंतर काढून बघितलं. सहाही हरले होते, म्हणून कॅल रिपकन सीनियर यांना घरी पाठवलं. त्यांची दोन मुलं, कॅल ज्युनियर आणि बिली, त्याच संघात खेळत होती. त्या आठवड्यात त्या घरी जेवताना काय बोलणं झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. नवे मॅनेजर फ्रँक रॉबिन्सन आले, मोठा खेळाडू, मोठं नाव. संघ आणखी पंधरा हरला. सलग २१, सुरुवातीपासून. २९ एप्रिलला शेवटी एक जिंकले, इथे शिकागोत, व्हाइट सॉक्सविरुद्ध ९-० असा.

एवढ्या हरणाऱ्या संघाला बघायला कोण जातं?

२०२४ च्या व्हाइट सॉक्सची सुरुवात ३-२२ होती आणि शेवट ४१-१२१. आधुनिक काळात एका हंगामात एवढे पराभव कोणाचेच नाहीत. ५४ चा ठोकताळा त्यांनी १३ विजयांनी चुकवला. माझ्या ऑफिसात त्यांचा एक चाहता आहे. एप्रिलपासून रोज सकाळी कॉफी घेताना तो काल रात्री कसे हरलो ते सविस्तर सांगायचा, आणि आम्ही कब्सवाले ते ऐकायला थांबायचो. सप्टेंबरपर्यंत त्याने एक दिवस चुकवला नाही.

आणि ते १९८८ चे ओरिओल्स? शिकागोतला तो एक विजय मिळवून पुढचे दोन सामने पुन्हा हरले, आणि १-२३ घेऊन २ मे रोजी घरी परतले. सोमवारची रात्र होती. मैदानात पन्नास हजारांहून जास्त माणसं आली होती.